निंबोळी तेलाचा तवंग आणि ‘नॅनो’ची बाटली

प्रश्न : विहीर खारपाणपट्ट्यातली आहे. कपाशीवर तुडतुड्यांसाठी निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात कालवून फवारले. पंपात तवंग आला, नोझल तुंबले, काही पाने करपली. आता कृषी केंद्रात ‘नॅनो’ निंबोळी दाखवतात. घ्यावी का?
– एक वाचक, ता. दर्यापूर

उत्तर : आधी पाणी बघा, बाटली नंतर. खाऱ्या, जड पाण्यात साबण फाटतो आणि तेल सुटे होऊन वर येते. पंप खालून ओढतो, म्हणून शेवटच्या लिटरभरात तेलच जास्त. ते कपाशीच्या ज्या ओळीवर पडले तिथली पाने करपली असणार.

नॅनो इमल्शनमध्ये, म्हणजे पाण्यात तेल अतिबारीक थेंबांनी कालवलेल्या मिश्रणात, थेंब साधारण 20 ते 200 नॅनोमीटरचे. ते सहसा वर येत नाहीत, पानावर एकसारखे बसतात. घरच्या मिक्सरवर हे जमत नाही; सहसा अल्ट्रासाउंड किंवा उच्च दाबाचे यंत्र लागते. पण थेंब कितीही बारीक असला तरी अल्कधर्मी पाण्यात अझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबोळीतला किडीवर काम करणारा घटक, लवकर मोडते. सामू (पीएच) मोजणारी पट्टी बुडवा, सायट्रिक ॲसिड चिमूटचिमूट टाकत सामू 6 च्या आसपास आणा, औषध त्यानंतर. उन्हातही ते टिकत नाही. कालवलेले त्याच दिवशी, दुपारी चारनंतर फवारा.

पारख सोपी आहे. काचेच्या दोन बाटल्या घ्या, एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत पावसाचे. लेबलवरच्या प्रमाणात औषध टाकून हलवा, अर्धा तास ठेवा. बारीक थेंबांचे द्रावण फिकट निळसर, जवळपास पारदर्शक दिसते. दुधासारखे पांढरे झाले तर ते बहुधा साधेच इमल्शन. तवंग फक्त विहिरीच्या पाण्यात आला तर दोष पाण्याचा, दोन्हींत आला तर मालाचा.

लेबलवर कीटकनाशक कायदा 1968 खालचा नोंदणी क्रमांक, अझाडिरॅक्टिनचे पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आणि पिकाचे नाव हवे. ‘नॅनो युरियासारखेच आहे’ असे दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. ते खत आहे, त्याचे नियम वेगळे.

आणि दुसऱ्या दिवशी कीड मेलेली शोधू नका. अझाडिरॅक्टिनमुळे कीड खाणे सोडते, पिल्लांची कात अडकते. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीपर्यंत ते पोचतच नाही.

प्रश्न : हरभऱ्याच्या मर रोगासाठी ट्रायकोडर्मात नॅनो कॉपर मिसळले तर?

उत्तर : मिसळू नका. तांबे बुरशी मारते, आणि ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीशी लढणारी असली तरी बुरशीच. किलोभर बियाण्याला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा.