नातीचं नाव मुक्ता ठेवावं का?

प्रश्न : गुरुजी, मुक्ताबाईंची पालखी बीडमध्ये आली त्याच आठवड्यात मला नात झाली. सुनेला नाव 'मुक्ता'च हवंय. पोरीची आत्या पुण्याला असते; ती म्हणते, हे म्हाताऱ्या बायकांचं नाव, 'मायरा' ठेवा. शेजारच्या काकूंचं तिसरंच. मुक्ताबाई लग्नावाचून अठराव्या वर्षी गेल्या, असलं नाव लेकराला लाभत नाही म्हणे. काय करावं?
– एक आजी, बीड

उत्तर : ताई, आधी काकूंचं बघू. मुक्ताबाईंचा जन्म 1279 चा, आणि 1297 मध्ये तापीकाठी वीज कडाडली नि त्या गुप्त झाल्या, असं परंपरा सांगते. म्हणजे वय अठरा, हे खरं. पण मग ज्ञानेश्वरांनी तरी कितव्या वर्षी समाधी घेतली? एकविसाव्या! आपल्याकडं ज्ञानोबा, ज्ञानदेव, ज्ञानेश्वरांना काही तोटा आहे का? माझ्या वर्गात एकाच बाकावर दोन ज्ञानेश्वर बसायचे, हाक आडनावानं मारावी लागायची. दोघं आता नातवंडांचे धनी आहेत. पोराला लाभतं ते पोरीला लाभत नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलंय ते काकूंना विचारा.

नाव तसं आपल्याच मुलखातलं. पैठण तालुक्यातलं गोदाकाठचं आपेगाव, तिथले विठ्ठलपंत कुलकर्णी. त्यांच्या लेकरांची नावं ओळीनं म्हणून बघा : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी संसारातून मन काढायचं, मग ज्ञान, मग पायऱ्या, शेवटी सुटका. बाप संन्यास घेऊन पुन्हा घरी आलेला, त्यापायी सगळं घर वाळीत पडलेलं. त्या घरातली ही नावं. कीर्तनकार एवढ्यावर तासभर काढतात. संस्कृतात मुक्ता म्हणजे मोतीही होतो. पुण्याच्या आत्याला हा अर्थ सांगा, बरा वाटेल. (मुक्ताफळं काय, पोरगी बोलायला लागली की उधळीलच.)

आणि ही धाकटी बहीण काही कुणाच्या मागं उभी राहणारी नव्हती. ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तेव्हा समजूत तिनं घातली. ते ताटीचे अभंग. चांगदेवांनी कोरा कागद धाडला तर म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला! पुढं त्यांनी तिलाच गुरू केलं.

नाव एका जातीचंही राहिलं नाही. मुक्ता साळवे ही मातंग समाजातली मुलगी, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली. चौदा वर्षांची असताना मांग-महारांच्या दुःखावर तिनं निबंध लिहिला, तो 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. नावाला आणखी कसला वारसा पाहिजे?

आता म्हातारपणाचं. मी नोकरीला लागलो तेव्हा हजेरीत मुक्ताबाई, जनाबाई, गोदावरी, द्वारकाबाई सर्रास. मग सुनीता-अनिता-संगीतांची लाट आली, पुढं पूजा, अश्विनी, काजल, आणि निवृत्त होताना तर आराध्या नि अन्वींनी पान भरलेलं. मुक्ता मधल्या काळात दिसेनाशीच झाली. आता परत ऐकू येते, फक्त 'बाई' गळलं. शहरातल्या तरुण आयांना मुक्ता म्हटलं की अभिनेत्री मुक्ता बर्वे आठवतात, म्हातारी नव्हे. मायरा वाईट नाही, पण उन्हाळ्यात अंगणात झोपलेल्या पोरीला 'मुक्तेऽऽ' अशी हाक जाते तशी ती जाईल का, जरा मारून बघा.

दाखल्याची घाई नको. नावाविना नोंद झाली असेल तर नोंदणीपासून 12 महिन्यांत नाव फुकट चढवता येतं. त्यानंतर 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून. चढवताना नुसतं 'मुक्ता' लिहा. शाळेत एक, आधारवर दुसरं, असं झालं की पुढं पोरीलाच खेटे घालावे लागतात.

राहता राहिली आत्या. पाळण्यात कानात नाव सांगायचा मान तिचा, ऐनवेळी 'मायरा' कुजबुजली तर तुम्ही काय करणार? सुनेला म्हणावं, नणंदेची साडी आधीच घेऊन ठेव, आणि चांगली पैठणी घे.