भरपाईचा कॉल द्यायचा नाही

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. बेसबॉलच्या मॅचमध्ये फर्स्ट बेसवर रनर आउट होता आणि अंपायर म्हणून तू सेफ (नाबाद) दिलास. ठीक आहे, त्यावर मी बोलणार नाही. मला खटकली ती शेवटची ओळ: 'पुढच्या इनिंगमध्ये नुकसान झालेल्या टीमच्या बाजूने एखादा कॉल द्यायला हवा होता का?'

नाही. कधीच नाही.

बेसबॉलच्या नियमपुस्तकात अंपायरांना दिलेल्या सूचना पुन्हा काढून बघ. चूक झाली म्हणून बरोबरी साधायला जाऊ नका, असं स्वच्छ लिहिलंय. शंका असेल तर सहकाऱ्याला विचारा, हेही तिथेच आहे. तू विचारलंस? नाही ना! आब राखायला गेलास. पण अंपायरचा आब निर्णयाच्या अचूकतेपेक्षा मोठा नाही, हेही त्याच पानावर आहे.

भरपाई म्हणून एखाद्या बॅटरच्या माथी खोटा स्ट्राइक (तीन झाले की बॅटर आउट) मारशील, पण त्या पोराने तुझं काय बिघडवलं होतं? शिवाय डगआउटमध्ये बसलेले काही दुधखुळे नसतात. एक कॉल 'दिलेला' आहे असा त्यांना वास आला, की तुझे बरोबर कॉलसुद्धा संशयात.

2 जून 2010, डेट्रॉइट. पिचर आर्मांडो गॅलारागाने क्लीव्हलंडचे 26 बॅटर ओळीने आउट केले होते; आणखी एक, की परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोहोचता सत्तावीसच्या सत्तावीस आउट. सत्ताविसावा जेसन डोनाल्ड. तो उघड आउट असताना फर्स्ट बेसचा अंपायर जिम जॉइसने सेफ दिला. गॅलारागा नुसता हसला, परत माउंडवर (पिचरच्या जागेवर) गेला आणि पुढच्या बॅटरला आउट करून मॅच संपवली. रिप्ले पाहिल्यावर जॉइस रडला, गॅलारागाला भेटून त्याने माफी मागितली. दुसऱ्या दिवशी जॉइसच प्लेटमागे, बॅटरच्या मागच्या अंपायरच्या जागी, उभा होता आणि डेट्रॉइटचं लाइनअप कार्ड (खेळाडूंची यादी) घेऊन आला गॅलारागा. जॉइसला डोळे पुसावे लागले. परफेक्ट गेम मात्र रेकॉर्डवर आजही नाही. लीगच्या कमिशनरने निर्णय फिरवला नाही. (2014 पासून असा कॉल रिप्लेवर तपासता येतो. तुझ्या मैदानावर तो कॅमेरा नाही, तेव्हा त्याची आशा सोड.) जॉइसकडे माफीशिवाय देण्यासारखं काही नव्हतं, आणि गॅलारागानेही दुसरं काही मागितलं नाही.

मला लोक हेकट म्हणतात. एका जवळच्या कोचने माझ्याशी बोलणं टाकलं ते याच पायी. 'समोरच्यांना एक मिळाला, मग आम्हाला का नाही?' हा त्याचा सवाल. त्याची सल आहे, नाही कशाला म्हणू? पण तीच मॅच उद्या पुन्हा आली तरी मी काही देणार नाही. हट्ट म्हण हवं तर. ज्या अंपायरकडून 'मिळतं', त्याच्याकडे लोक मागायला येतात. माझ्याकडे कोणी आलं नाही.

तू सोडून देण्याचं लिहिलंयस, ते मी वाचलंच नाही असं समज.

पुढच्या मॅचला त्या टीमच्या कोचने विषय काढलाच, तर 'तो कॉल चुकला' एवढं बोल आणि गप्प बस. सबबी नकोत. आणि फर्स्ट बेसला नजर बॅगवरच्या (बेसवरच्या) पायावर, कान ग्लव्हच्या आवाजाकडे. बॉल ग्लव्हच्या जाळीत गेला की आवाज दबतो, म्हणून हात हलवायची घाई नको: बॉल पक्का धरलाय का ते बघ, मग कॉल दे. तू फार लवकर देतोस, हे मी तुला आधीही सांगितलंय.

तुझा,
जुना अंपायर