ताण म्हणजे थंडी नव्हे : आंबट चेरीविषयी प्रश्नोत्तरे

आंबट चेरीच्या लागवडीविषयी पुणे परिसरातून येणारी पत्रे वाढली आहेत आणि बहुतेकांतील गोंधळ एकच आहे : पाणी तोडून झाडाला ताण दिला की थंडीची उणीव भरून निघते, हा समज. म्हणून काही प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : केकवर लावलेली बेकरीतील लाल चेरी हीच आंबट चेरी का? (कोथरूड)

उत्तर : नाही, ते बहुधा बिया काढून, रंगवून, साखरेच्या पाकात मुरवलेले करवंद असते.

प्रश्न : फळे धरण्यासाठी दोन वेगळ्या जातींची झाडे लावावी लागतात का? (बारामती)

उत्तर : गोड चेरीच्या बहुतेक जातींना लागतात, ‘माँटमोरेंसी’ ही आंबट चेरी स्वतःच्याच परागावर फळते.

प्रश्न : आमची वीस गुंठे अंजिराची बाग आहे. एका रोपवाटिकेचा माणूस ‘कमी थंडीची आंबट चेरी’ देऊ करतो. महाराष्ट्रात सफरचंद येते तर चेरीही येईल आणि अंजिरासारखा ताण देऊन बहर धरता येईल, असे तो सांगतो. आगाऊ रक्कम भरावी का? (सासवड)

उत्तर : भरू नये. अंजिराचे किंवा डाळिंबाचे पाणी तोडून आपण वाढ थांबवतो आणि पुन्हा पाणी देऊन झाड फुटवतो. आंबट चेरीची फुलकळी मात्र आदल्या उन्हाळ्यातच तयार होते, पानगळीच्या सुमारास गाढ सुप्तावस्थेत जाते आणि सात अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीत साधारण हजार तास काढल्याशिवाय नीट जागी होत नाही. पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा कधीकधी सात-आठ अंशांवर येतो हे खरे, पण दुपारी तो तिशीकडे झुकतो आणि रात्री मिळालेल्या थंडीचा परिणाम त्या उन्हाने बराचसा पुसला जातो. महाबळेश्वरचा गारवाही या कळीला पुरत नाही. मुळाशी बर्फ घालण्याचा ऐकीव उपाय कृपया कोणी करू नये, कारण थंडी लागते ती कळीला.

मागे एका बागायतदाराने अशाच झाडाची फांदी माझ्याकडे आणली होती. कळ्या टपोऱ्या होत्या, पण बोट लागताच गळत होत्या. एक कळी ब्लेडने उभी चिरली, तर खवल्यांच्या आत फुलांच्या जागी तपकिरी, कोरडा भुगा निघाला. पहिल्याच वर्षी विचारले असते तर त्यांची तीन वर्षे वाचली असती.

सफरचंदाचे उदाहरण येथे लागू पडत नाही. हिमाचलच्या हरिमन शर्मा यांचे ‘एचआरएमएन-99’ हे मुळातच कमी थंडीवर फळणारे सफरचंद आहे आणि त्याच्या यशावर चेरीची रोपे खपवणे ही फसवणूक आहे. पुष्कळदा ‘कमी थंडीची चेरी’ म्हणून हाती पडते ती बार्बाडोस चेरी. ते झाड वाईट नाही, ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध आहे आणि आपल्याकडे फळतेही, पण त्याचे कूळ वेगळे आणि बाजारही वेगळा. खऱ्या चेरीच्या पानाची कड करवती असते आणि फळात एकच कठीण बी असते; बार्बाडोस चेरीच्या पानाची कड सलग असून फळात साधारण तीन बिया निघतात. रोपवाटिकेचा परवाना पाहावा, जातीचे नाव लेखी घ्यावे आणि पैसे देण्यापूर्वी तालुका कृषी अधिकाऱ्यांना तो कागद दाखवावा. आंबट फळाचीच आवड असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण बोल्ड’ करवंदाची चौकशी करावी.

प्रश्न : गोड चेरीशी संकर करून पुण्यासाठी जात काढता येईल का? (कृषी पदवीचा विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : आंबट चेरीत 32 गुणसूत्रे असतात आणि गोड चेरीत 16, त्यांची संतती बहुधा त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली आणि म्हणून जवळजवळ वांझ निघते. शिवाय बियांपासून वाढवलेले झाड फळायला काही वर्षे घेते, त्यामुळे एकेका पिढीची वाट पाहावी लागते. कॅनडातील सस्कॅचवान विद्यापीठाने 1999 मध्ये दिलेली ‘कार्माइन ज्युएल’ ही बुटकी जात कडक हिवाळा सोसण्यासाठी आहे, म्हणजे आपल्या गरजेच्या अगदी उलट. अमेरिकेतील मिशिगन राज्यात 2012 च्या मार्चमधील अवेळी उष्म्याने झाडे लवकर फुटली आणि एप्रिलच्या गोठणीत बहुतेक पीक गेले. म्हणून उशिरा फुलणाऱ्या जातींना तेथे मोल आहे. विषय घ्यायचाच असेल तर आधी श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेतील शास्त्रज्ञांशी बोलावे.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून येतो आहे. चेरीच्या चार काड्या सामानातून आणल्या तर चालतील का? (औंध)

उत्तर : चालणार नाहीत. चेरीचे काही विषाणू वरून निरोगी दिसणाऱ्या काडीतूनही येतात, शिवाय आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र नसताना रोपसामग्री आणणे बेकायदेशीर आहे. तिकीट काढण्यापूर्वीच वनस्पती संगरोध केंद्राकडे विचारणा करावी.