क्वार्टरबॅक बदलण्याआधी समोरचे पाचजण बघा

मैदानावरचे प्रश्न : वाचक विचारतात

प्रश्न : सर, माझा मोठा चुलतभाऊ न्यू जर्सीत नोकरी करतो. त्याच्यामुळे मीही अमेरिकन फुटबॉल बघू लागलो आणि न्यूयॉर्क जेट्स हा माझाही संघ झाला. पण दर दोन-तीन वर्षांनी तेच घडते. नवा क्वार्टरबॅक येतो, सगळे त्याला डोक्यावर घेतात, तो फसतो, मग पुढचा. सॅम डार्नॉल्ड झाला, झॅक विल्सन झाला, मग जस्टिन फिल्ड्स. २०२५ च्या मोसमात सतरापैकी तीनच सामने जिंकले. भाऊ म्हणतो, एक चांगला क्वार्टरबॅक मिळाला की संघ सुधारेल. तुम्हाला काय वाटते?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमच्या भावाचे मत मला मान्य नाही. क्वार्टरबॅकनी जेट्सला बुडवले असे मी मानत नाही. जेट्सने क्वार्टरबॅक बुडवले, एकामागून एक.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात. दर वेळी सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो. तो घेऊन कुणाकडे द्यायचा, कुठे फेकायचा हे क्वार्टरबॅकने अडीच-तीन सेकंदांत ठरवायचे असते. तेवढा वेळ त्याला मिळवून देतात ते समोरचे पाचजण : मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड आणि कडेचे दोन टॅकल. सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर येत असताना त्यांना पाय रोवून उभे राहायचे असते. ते चेंडूला जवळजवळ कधीच हात लावत नाहीत, त्यामुळे त्यांची नावे कुणाला ठाऊक नसतात. मी आयुष्यभर गावच्या संघात आपला नेहमीचा फुटबॉल मागच्या फळीत खेळलो आणि नंतर शाळेत पोरांना शिकवले, म्हणून माझी नजर आधी या पाचजणांकडे जाते.

आता डार्नॉल्डचेच बघा. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, जेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतला आणि एकविसाव्या वर्षी, पहिल्याच सामन्यापासून मैदानात उतरवला. तीन मोसमांत दोन मुख्य प्रशिक्षक झाले, आणि समोरची फळी कधी धड उभीच राहिली नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू इंग्लंड पेट्रिऑट्सकडून संघ ३३-० असा हरला. त्या सामन्यात त्याचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले. बाकावर बसून तो म्हणाला की मला भुते दिसताहेत. मायक्रोफोनने ते टिपले आणि टीव्हीवर दाखवले गेले. लोक कितीतरी दिवस त्यावर हसत होते. मला त्या पोराची दया आली. जो दर वेळी आपटला जातो त्याला पुढच्या खेपेला कुणी अंगावर येत नसतानाही येणारे दिसू लागतात. यात भित्रेपणा नाही, शरीर तसे शिकते. आमच्याकडे पावसाळी स्पर्धांत एखाद्या गोलरक्षकाला पहिल्या अर्ध्या तासात दोन-तीनदा जोरात धडक बसली की उंच चेंडूला तो पुढे यायचा थांबतो. हे मी स्वतः पाहिलेले आहे.

जेट्ससाठी डार्नॉल्ड ३८ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यातले १३ जिंकले. २०२१ मध्ये त्याला कॅरोलिनाला पाठवून टाकला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत तो राखीव म्हणून बसला. २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला संधी दिली तेव्हा त्याने ३५ टचडाउन पास (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे पोचवून गुण मिळवून देणारे) दिले आणि संघाने १४ सामने जिंकले. २०२५ मध्ये तो सिॲटल सीहॉक्सकडे गेला आणि २०२६ च्या फेब्रुवारीत त्याच पेट्रिऑट्सना हरवून त्या संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. डार्नॉल्ड वयाने वाढला, बाकावर बसून शिकला, हे खरेच. पण तेच शिक्षण त्याला जेट्सकडे का मिळाले नाही, हा प्रश्न तुमच्या भावाने संघाच्या मालकांना विचारायला हवा.

भावाला आणखी एक विचारा. जेट्स शेवटचे प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद सामन्यांत, कधी पोचले? २०१० च्या मोसमात. आणि तेव्हा क्वार्टरबॅक कोण होता? मार्क सांचेझ. त्याच्या पहिल्या वर्षाचे, २००९ चे, आकडे पाहिले तर धक्का बसेल : टचडाउन पास १२ आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले पास २०. असे आकडे असलेला पोरगा आज कुठल्याही संघात तिसऱ्या महिन्यात बाकावर बसेल. तरीही तो संघ सलग दोन वर्षे एएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एका गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेला. कारण २००६ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीच्या दोन्ही संधी जेट्सने फळीतल्या खेळाडूंवर खर्च केल्या होत्या : चौथ्या क्रमांकावर डाव्या कडेचा टॅकल डी'ब्रिकशॉ फर्ग्युसन आणि २९ व्या क्रमांकावर सेंटर निक मँगोल्ड. सांचेझ आला तो तीन वर्षांनी. तोवर भिंत उभी होती. २००९ मध्ये चेंडू घेऊन धावण्यात जेट्स अख्ख्या लीगमध्ये पहिले होते, आणि सगळ्यांत कमी गुण देणारा बचावही त्यांचाच. त्या दोन गोष्टींच्या आधाराने नवखा पोरगा चुका करत करतही तिथवर पोचला.

म्हणजे ही रीत जेट्सना परकी नाही. त्यांनीच ती करून दाखवली आणि त्यांनीच ती सोडली.

२०२५ चा दोष एकट्या फिल्ड्सचा आहे असेही मला वाटत नाही. चेंडू फार वेळ हातात धरून ठेवायची त्याची सवय खरीच आहे, आधी शिकागोकडून खेळतानाही ती होती, आणि त्यामुळे फळीचे काम अवघड होते. लंडनमध्ये डेन्व्हरविरुद्ध तो नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडला गेला. पासमधून संघाची निव्वळ कमाई उणे दहा यार्ड झाली. त्या दिवशी त्याच्याकडून वाईटच खेळ झाला. पण त्याच मोसमात जेट्सच्या बचावाने प्रतिस्पर्ध्याचा एकही पास पकडला नाही. सतरा सामन्यांत एकही नाही! लीगच्या इतिहासात असे कधी झाले नव्हते. ज्या संघाचा बचाव चेंडू हिसकावून आणतच नाही, त्याच्या क्वार्टरबॅकला दर वेळी लांबून सुरुवात करावी लागते, मागे पडलेला असताना खेळावे लागते आणि जोखमीचे पास टाकावे लागतात.

माझे मत स्पष्ट आहे. ओलू फशानू २०२४ मध्ये आणि अरमांड मेंबू २०२५ मध्ये, असे दोन तरुण टॅकल जेट्सने पहिल्या फेरीत घेतलेत. हे त्यांचे गेल्या कित्येक वर्षांतले सर्वांत शहाणपणाचे काम. ती जोडी मोडू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये बचावातले सॉस गार्डनर आणि क्विनेन विल्यम्स यांना दुसऱ्या संघांना देऊन त्यांनी पुढच्या ड्राफ्टांतल्या पहिल्या फेरीच्या तीन संधी मिळवल्या. त्यातली एक तरी फळीच्या मधल्या जागांसाठी खर्च करावी, कारण मधून येणारा गडी सरळ क्वार्टरबॅकच्या तोंडासमोर येतो. आणि जो कुणी नवा पोरगा येईल त्याला तीन वर्षे एकच प्रशिक्षक द्यावा.

हे शेवटचे फातोर्ड्याच्या मैदानावर धेंपो या आपल्या गोव्याच्या फुटबॉल क्लबचे सामने पाहिलेल्यांना पटवून द्यायला नको. २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत धेंपोने देशाची लीग पाच वेळा जिंकली, आणि पाचही वेळा प्रशिक्षक एकच : आर्मांदो कुलासो. रँटी मार्टिन्सचे गोल सगळ्यांना आठवतात, बेटोचे पास आठवतात. पण मागे महेश गवळी आणि समीर नाईक होते, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा होते, आणि ही माणसे वर्षानुवर्षे एकत्र खेळत होती. बेटोला मान वर करून पुढे बघता यायचे, कारण त्याच्या पाठीमागे काय चालले आहे याची त्याला काळजी नसायची. आजही आमच्या मैदानावर येणारी बहुतेक पोरे 'मी पुढे खेळतो' असे सांगतात आणि पालकांनाही तेच हवे असते. मला याचे फार वाईट वाटते.

प्रश्न : मी लहानपणापासून वडिलांबरोबर फातोर्ड्याला जायची, त्यामुळे फुटबॉल कळतो. आता घरी नवरा आणि मुलगा हा अमेरिकन खेळ बघतात. पास चुकला की दोघे क्वार्टरबॅकच्या नावाने ओरडतात. चूक कुणाची हे मला कळतच नाही. काय बघायचे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : बाई, चेंडूकडे बघू नका. निदान पहिले दोन सेकंद तरी नाही. सेंटरने चेंडू मागे दिला की डाव्या कडेच्या टॅकलवर नजर ठेवा. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर फेकताना त्याची पाठ त्या बाजूला असते. तिथून येणारा गडी त्याला दिसत नाही. तो टॅकल मागे ढकलला जात असेल, तर पास चुकण्याआधीच तुम्हाला कारण सापडलेले असते.

पुन्हा दाखवतात तेव्हा क्वार्टरबॅकचे पाय बघा. निवांत असलेला माणूस पाय नीट टेकवून, वजन पुढे घेऊन फेकतो. घाबरलेला मागच्या पायावर फेकतो आणि चेंडू उंच जातो. पाय नीट आहेत, समोर कुणी नाही आणि तरी पास चुकला, तर मात्र ओरडायला हरकत नाही.

आणि प्रत्येक तिसऱ्या संधीला पडद्यावर किती यार्ड बाकी दाखवतात ते बघत चला. दोन-तीन यार्ड उरले असतील तर बचावाला धाव आणि पास दोन्हींची धास्ती असते. दहा-बारा उरले असतील तर पास येणार हे सगळ्या मैदानाला ठाऊक असते आणि चौघे-पाचजण त्याच्यावर तुटून पडतात. ते दहा-बारा यार्ड का उरले, हे आधीच्या दोन संधींत शोधायचे.

शिकागो बेअर्सचे उदाहरण घरी सांगा. २०२४ मध्ये ड्राफ्टचा पहिला क्रमांक असलेला केलेब विल्यम्स त्या मोसमात ६८ वेळा सॅक झाला. संघाने पाचच सामने जिंकले आणि मुख्य प्रशिक्षकाला मोसम संपायच्या आत काढले. पुढच्या मार्चमध्ये बेअर्सने फळीचा मधला भाग नवा केला : गार्ड जो थुनी आणि जोना जॅक्सन, सेंटर ड्रू डालमन. डेट्रॉइटहून बेन जॉन्सन मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. त्याच पोराला घेऊन २०२५ मध्ये संघाने ११ सामने जिंकले, विभागात पहिला आला, आणि सॅकची संख्या निम्म्याच्याही खाली गेली.

प्रश्न : सामने आपल्याकडे किती वाजता दिसतात? कॉलेज सांभाळून बघता येतील का?
— एक विद्यार्थी, वास्को

उत्तर : रविवारचे दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे गेली की साडेअकराला. दुसरी फेरी मध्यरात्रीनंतर असते, ती सोडून द्या. रविवार रात्रीचा मोठा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे सहाच्या आसपास लागतो, हिवाळ्यात सातच्या जवळ. माझ्या मते लवकर निजून उठून तो एकच सामना नीट बघावा.

प्रश्न : नव्या क्वार्टरबॅकला पहिल्या वर्षी बाकावर बसवून ठेवणे चांगले का? मित्रांत यावरून रोज वाद होतो.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बसवलेले बरे, पण हा खरा मुद्दा नव्हे. कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्सला २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवले आणि सुरुवातीपासून फक्त शेवटचा सामना खेळू दिला. ग्रीन बेने ॲरन रॉजर्सला तीन वर्षे ब्रेट फाव्हरच्या मागे ठेवले, आणि पुढे जॉर्डन लव्हला तीन वर्षे रॉजर्सच्या मागे. तिघांचेही भले झाले. मात्र तिन्ही वेळा संघ आधीच मजबूत होता, म्हणून थांबणे परवडले.

जो संघ पडलेला आहे, ज्याच्याकडे दुसरा कुणी नाही, त्याने पहिल्या दिवसापासून खेळवले तर चालते, पण मग चुका पोटात घालायची तयारी हवी. पेटन मॅनिंगने १९९८ मध्ये पहिल्या वर्षी इंडियानापोलिससाठी २८ पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले. पदार्पणाच्या मोसमातला तो विक्रम आहे. संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला. आज एवढे झाले तर आक्रमणाचा प्रशिक्षक नाताळाआधी घरी जातो. इंडियानापोलिसने आक्रमणाचे प्रशिक्षक टॉम मूर यांना ठेवले, मुख्य प्रशिक्षक जिम मोरा यांनाही ठेवले, आणि १९९९ मध्ये तोच संघ तेरा जिंकला, तीन हरला. मूर आणि मॅनिंग त्यापुढेही दहा वर्षांहून जास्त काळ एकत्र होते. मित्रांशी वाद घालताना बाकावरच्या वर्षांपेक्षा ही वर्षे मोजा.