जपानला सावकाश जायचंय. पैसे कुठून काढू?

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मजकूर मोठा आहे, थोडक्यात देतो: "मी 59 वर्षांची, कनिष्ठ महाविद्यालयातून नुकतीच निवृत्त झाले. यजमान 63, वीज कंपनीतून निवृत्त. मुलीचं सगळं मार्गी लागलंय. मला क्योटो, नारा, कानाझावा, ताकायामा ही जपानची जुनी शहरं पायी हिंडत, खातपीत, दोन-अडीच आठवडे बघायची आहेत. यजमान म्हणतात, ग्रुप टूरने चल, आठ दिवसांत जपान होतं, दोघांचे 5 लाख 80 हजार. जास्त राहायचंच असेल तर पर्सनल लोन काढू किंवा सीनियर सिटिझन स्कीम मोडू, पण एफडीला हात लावायचा नाही. शिवाय एवढ्या पैशांत स्वयंपाकघर नवं होईल, हेही त्यांचं म्हणणं आहेच. एप्रिलमध्ये साकुरा (चेरीचा बहर) बघायला जावं असा विचार आहे. काय करू?"

ताई, जा. ग्रुप टूरने नको, तुमच्याच पद्धतीने जा. पण कर्ज काढू नका, सीनियर सिटिझन स्कीम मोडू नका, आणि शक्यतो एप्रिलही टाळा.

आधी तुम्ही पत्रात दिलेला घरचा हिशेब बघू. तुमचं पेन्शन 41 हजार, यजमानांचं ईपीएसचं (पीएफच्या पेन्शन योजनेचं) 3 हजार, आणि स्कीममधल्या 30 लाखांवर 8.2 टक्क्यांनी महिन्याला साधारण साडेवीस हजार व्याज. म्हणजे 64,500 येतात, 46 हजार जातात. महिन्याला साडेअठरा हजार उरतात, वर्षाला सव्वादोन लाखांच्या आसपास. याखेरीज 14 लाखांच्या एफडी, 13 लाखांचे इक्विटी फंड आणि बचत खात्यात 2 लाख. एकूण 59 लाखांची पुंजी. त्यातले 6 लाख खर्च झाले तर दहावा भाग कमी होतो आणि तुमच्या महिन्याच्या मिळकतीला जवळजवळ धक्का लागत नाही, कारण एफडीच्या व्याजावर तुमचं घर चालत नाहीये. महागाई 6 टक्क्यांनी वाढत राहिली तर तुमचा खर्च सहा वर्षांत आजच्या मिळकतीला गाठेल हे खरं. पण तोवर तुमच्या पेन्शनवरचा महागाई भत्ताही वाढलेला असेल. चाळीस लाखांची पुंजी असती आणि पेन्शन नसतं, तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता टूरचं बघा. तुम्ही सोबत पाठवलेलं माहितीपत्रक मी वाचलं. आठ दिवस, सात रात्री, पाच शहरं. क्योटोच्या वाट्याला एक दुपार आलीय, त्यात किंकाकुजी आणि फुशिमी इनारी ही दोन देवस्थानं. नाऱ्याला दीड तास, त्यातही हरणांना बिस्किटं चारणं हा मुख्य कार्यक्रम. कानाझावा, ताकायामा नाहीतच. क्योटो 794 पासून 1868 पर्यंत राजधानी होतं, आणि त्याची एक दुपार तुम्ही दिवसाला साडेबहात्तर हजार रुपये मोजून विकत घेणार. टूरचा फायदा नाही असं नाही. भाषेची धास्ती नाही, सामानाची काळजी नाही, आणि दोन्ही वेळचं भारतीय जेवण. यजमानांना मासे चालत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे शेवटचा मुद्दा मला हलका वाटत नाही. त्याकडे येतोच.

तुमच्या पद्धतीच्या 16 रात्री अशा मांडल्या: टोकियोत 2, कानाझावात 3, ताकायामात 3, क्योटोत 6, नाऱ्यात 2, आणि परत ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून. टोकियोला उतरून ओसाकाहून निघालं की उलट प्रवासाचं भाडं वाचतं. येन सध्या 60 पैशांच्या आतबाहेर आहे, तोच भाव धरतो.

चौदा रात्री साध्या, स्वच्छ हॉटेलात दोघांचे 15 हजार येन, आणि दोन रात्री ताकायामाच्या जुन्या धाटणीच्या जपानी सराईत, म्हणजे र्‍योकानमध्ये, दोन जेवणांसह दोघांचे 50 हजार. राहण्याचे झाले 3 लाख 10 हजार येन. रेल्वे आणि शहरातल्या बस मिळून दोघांचे लाखभर येन. खाण्याला 1 लाख 80 हजार. मंदिरांची तिकिटं, सामान पुढच्या हॉटेलवर पाठवण्याचं कुरिअर, कर, किरकोळ खर्च असे 60 हजार. एकूण साडेसहा लाख येन, म्हणजे 3 लाख 90 हजार रुपये. विमानाची तिकिटं दोघांची 1 लाख 40 हजार, व्हिसा आणि प्रवास विमा 20 हजार. साडेपाच लाख झाले. वर 65 हजार हाताशी ठेवा, ते का ते पुढे सांगतो. सव्वासहा लाखांच्या वर मात्र जायचं नाही. सतरा दिवसांचे सव्वासहा लाख, म्हणजे दिवसाला 37 हजारही पडत नाहीत. रोज गाव बदललं की रोज भाडं पडतं. एका गावात सहा रात्री राहिलं की खर्च उरतो तो चहाचा आणि बसचा.

इथे बहुतेकांचा हात पोळतो तो जेआर पासमध्ये, म्हणजे ठरावीक दिवस जपानी रेल्वेने हवं तितकं फिरायच्या पासात. "जपान म्हटलं की पास" हा सल्ला जुना झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा पास 29,650 येनांवरून थेट 50 हजारांवर गेला आणि चौदा दिवसांचा 80 हजारांवर. तुमचा मार्ग मी सुटा मांडून बघितला: टोकियो ते कानाझावा शिंकानसेन या बुलेट ट्रेनने साधारण साडेचौदा हजार, तिथून ताकायामाला बसने साडेचार हजारांच्या आसपास (वाटेत शिराकावागो हे गवती छपरांचं गाव लागतं, तिथे उतरून पुढची बस घेता येते), ताकायामाहून नागोयामार्गे क्योटो अकरा हजार, मग नारा आणि विमानतळ मिळून पाच हजार. माणशी 35 हजार येन. चौदा दिवसांचा पास घेतलात तर दुपटीहून जास्त जातील, आणि वरची बस त्या पासात बसतच नाही.

आता जेवण. तुम्ही मासे खाता, तेव्हा तुमची चंगळ आहे. कानाझावाच्या ओमिचो बाजारात ताज्या माशांनी भरलेला भाताचा वाडगा अडीच ते चार हजार येनांत मिळतो, आणि तो खाल्ल्यावर रात्रीपर्यंत दुसरं काही लागत नाही. अडचण यजमानांची. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी हे पाणी, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून काढतात. त्यामुळे नुसत्या भाज्यांचं सूप, नूडल्स, अगदी तोफूवर ओतलेलं पातळ सॉसही शाकाहारी असेलच असं नाही. यावर क्योटोत चांगला उपाय आहे: बौद्ध मठांचं शोजिन जेवण. मासे-मांस नाही, कांदा-लसूणही नाही. अराशियामाच्या तेन्र्‍यूजी मंदिराच्या आवारात ते माणशी चार हजार येनांच्या आसपास मिळतं. लाल लाकडी ताटलीत छोट्या वाट्या येतात: तिळाचा तोफू, शिजवलेला भोपळा, लोणचं, भात. आपल्याकडच्या एकादशीच्या ताटापेक्षा देखणं प्रकरण. असं जेवण दोन-तीन दुपारी धरा. ताकायामाच्या र्‍योकानला मात्र आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारा. छोटी र्‍योकान शाकाहारी रात्रीचं जेवण करून देतीलच असं नाही. नाही म्हणाले तर एकच रात्र जेवणासह घ्या, दुसरी फक्त नाश्त्यासह. जमिनीवरच्या गादीवरून उठताना गुडघे कुरकुरत असतील तर खाटेची खोली मागून घ्या, ती मिळते.

जेवणात काटकसर करायची तर रात्री करा. क्योटोतली नावाजलेली कैसेकी (एकामागून एक छोटे पदार्थ येणारी) जेवणं रात्री माणशी पंधरा-वीस हजार येनांच्या पुढे असतात. बऱ्याच ठिकाणी दुपारी त्याच स्वयंपाकघरातलं जेवण निम्म्यात होतं. टिप कुठेही द्यायची नाही.

एप्रिलबद्दल. साकुराचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, आणि तेव्हा क्योटोत 15 हजारांची खोली 25-30 हजारांना मिळाली तरी नशीब म्हणा. 14-15 एप्रिलला ताकायामाचा वसंतोत्सव असतो, गाव महिनोन्‌महिने आधी भरतं. लगेच 29 एप्रिलपासून गोल्डन वीक, अख्खं जपान फिरायला बाहेर. हे सगळं ओलांडून 10 मे नंतर जा आणि जूनचा पाऊस सुरू व्हायच्या आत परत या. फुलं नसतील, पण क्योटोच्या मंदिरांतले मेपल तेव्हा कोवळ्या हिरव्या पानांनी भरलेले असतात, आणि नुसत्या खोल्यांमध्ये 40-50 हजार रुपये वाचतात. साकुराच बघायचा हट्ट असेल तर माझी ना नाही, पण मग बजेट सव्वासात लाखांचं करावं लागेल, आणि ते मी तुम्हाला सुचवणार नाही. कानाझावाचं केनरोकुएन उद्यान 65 वर्षांनंतर मोफत आहे. यजमानांसाठी तेवढं थांबू मात्र नका, तिकीट 320 येन आहे.

आता पैसे कुठून? यजमानांचं एफडीवरचं प्रेम मी समजू शकतो, पण हिशेब उलटा आहे. 6 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साडेवीस हजारांचा. तुमच्याकडे महिन्याला उरतात साडेअठरा. तीन वर्षांत 1 लाख 38 हजार व्याज जाईल, तेही 7 टक्क्यांची, करपात्र एफडी जपण्यासाठी. सीनियर सिटिझन स्कीमचं तर विचारूच नका. तुमचं खातं चौदा महिन्यांचं आहे. त्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, पूर्ण खातं बंद करावं लागतं, आणि दोन वर्षं व्हायच्या आत बंद केलं की मुद्दलाच्या दीड टक्का कापतात. म्हणजे 45 हजार, जपानची विमानतळं दिसायच्याही आधी.

ऑगस्टमध्ये 5 लाखांची एक एफडी सुटतेय. ती नव्याने ठेवू नका, बचत खात्यात घ्या. त्यातले सव्वाचार लाख सहलीचे. उरलेले 2 लाख इक्विटी फंडातून काढा. तेरा लाखांच्या फंडात तुमची गुंतवणूक साडेसात लाखांची आहे, पण विकताना सर्वात जुनी युनिट्स आधी जातात, त्यामुळे 2 लाखांत नफ्याचा भाग सरासरीपेक्षा मोठा निघेल. तरी तो वर्षाच्या सव्वा लाखाच्या करमुक्त मर्यादेत राहावा, त्यापुढे 12.5 टक्के लागतात. विकायच्या आधी फंडाकडून भांडवली नफ्याचं विवरण मागवून बघा. स्वयंपाकघर पुढच्या वर्षी महिन्याच्या शिलकीतून होईल. ओटा कुठे पळून जात नाही.

हाताशी ठेवायचे ते 65 हजार रुपये येनच्या भावातल्या चढउतारासाठी. 2020 मध्ये येन 70 पैशांच्या आसपास होता. पुन्हा तिथे गेला तर साडेसहा लाख येनांना नेमके 65 हजार जास्त लागतील. म्हणून भाव खाली येईल या आशेवर बसू नका. दोन-तीन टप्प्यांत येन फॉरेक्स कार्डावर भरा. स्वतः परकी चलन घेताना माणशी वर्षाला 10 लाखांपर्यंत टीसीएस (आगाऊ कापला जाणारा आयकर) नाही. टूर पॅकेजवर तो पहिल्या रुपयापासून कापतात, नंतर विवरणपत्रात वळता होतो एवढंच. नेहमीचं क्रेडिट कार्ड तिथे वापरू नका, साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी असे चार टक्क्यांहून जास्त जातात. ताकायामाच्या सकाळच्या बाजारात नोटाच लागतील, तेवढ्या जवळ ठेवा. आणि मार्च 2026 पासून क्योटोने मुक्कामाचा कर वाढवलाय. तुमच्या दराच्या खोलीला माणशी रात्रीला 400 येन, ते वरच्या किरकोळ खर्चात धरलेत.

एक अट आहे, आणि ती जपानची नाही. दोघांचा मिळून 5 लाखांचा मेडिक्लेम हा या वयात तोकडा आहे. तिकिटं काढण्याआधी 20 लाखांचा सुपर टॉपअप, म्हणजे मूळ विमा पुरला नाही की त्यावरचा खर्च उचलणारा जादा विमा, घ्या. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही उरलेला नाही. यजमानांचा रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहा, त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा थांबा लागेल, म्हणूनच घाई. प्रवास विम्याच्या अर्जातही तोच रक्तदाब पुन्हा लिहायचा.

नाऱ्याच्या दोन रात्री कमी करून टोकियोला वाढवाव्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे 752 साली रंगवून प्राणप्रतिष्ठा करणारा भिक्षू बोधिसेन आपल्याकडून गेलेला होता. सकाळी आठच्या सुमारास, टूरच्या बस यायच्या आत तिथे पोहोचायचं तर मुक्काम नाऱ्यातच हवा. खोल्या धरताना क्रम असा ठेवा: आधी ताकायामाचं र्‍योकान, मग नारा, क्योटोत मे महिन्यात खोल्या मिळतात.