सवलतीची तारीख जाऊ द्या, आधी मेडिकल करा

प्रश्न : माझं वय 52, 58 ला निवृत्ती. पगार हातात 1 लाख 10 हजार, पीएफ 32 लाख, घरावर कर्ज नाही. मुलगी बारावी सायन्स झाली, तिला पायलट व्हायचंय. फ्लाइंग स्कूलचं कोटेशन 55 लाखांचं आहे. 15 लाख पीएफमधून काढणार, 40 लाख कर्ज घेणार. महिनाअखेरपर्यंत पूर्ण फी भरली तर 3 लाख सवलत आहे. शैक्षणिक कर्ज घ्यावं की घर तारण ठेवून? तिच्या करिअरसाठी वर्षाला दीड लाखाची 15 वर्षांची पॉलिसीही घेतलीय, तीन हप्ते झाले. मेडिकल, म्हणजे तिची वैद्यकीय तपासणी, प्रवेशानंतर होईल असं शाळेने सांगितलंय.

उत्तर : शैक्षणिक कर्ज. एवढ्या रकमेला बँक तारण मागणारच, त्यामुळे घर दोन्हीकडे अडकतं. पण शैक्षणिक कर्ज टप्प्याटप्प्याने उचलता येतं, हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होतो आणि जुन्या करप्रणालीत आठ वर्षं व्याजाची वजावट मिळते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. खरी अडचण पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे.

विद्यार्थी म्हणून उड्डाण सुरू करायला क्लास 2 मेडिकल पुरतं, म्हणून शाळा फी घेऊन मोकळी होते. कमर्शियल लायसन्सला मात्र क्लास 1 लागतं, आणि त्यात अडकलेला विद्यार्थी अर्धी फी उडवून बसलेला असतो. क्रम उलटा करा. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास 2, मग मान्यताप्राप्त केंद्रात क्लास 1 : डोळे, रंगओळख, ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), ईसीजी, रक्त, लघवी. चष्मा चालतो, रंगांधळेपणा आड येतो. खर्च हजारांतला आहे, लाखांतला नाही. त्यानंतर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी आणि रेग्युलेशनचे पेपर. पास व्हायला 70 टक्के लागतात आणि नेव्हिगेशन भल्याभल्यांना दोनदा द्यावा लागतो. हे सगळं फी न भरता, पगारातून होतं.

आता हिशेब. 55 लाखांत उड्डाणाचे 200 तास आणि लायसन्स येतं, नोकरी येत नाही. एअरबस ए320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग, म्हणजे ते ठरावीक विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, साधारण 15 ते 20 लाख, हॉस्टेल-परीक्षा-मेडिकलचे पाचएक लाख. म्हणजे आकडा 80 लाखांच्या घरात. दोन वर्षं शिक्षण, एक वर्ष नोकरीची वाट धरली तर 40 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी 52 लाखांच्या आसपास जातं. दहा वर्षांचा हप्ता 70 हजार. तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा 42 लाख बाकी असतील. पीएफ तोवर वाढून 45-50 लाख झाला तरी त्यातले 42 बँकेचे, आणि टाइप रेटिंगचे 20 लाख अजून आलेलेच नाहीत.

'दोन वर्षांत फिटेल' हे सांगणाऱ्याला एप्रिल 2019 मधलं जेट एअरवेज आणि मे 2023 मधलं गो फर्स्ट आठवून द्या. विमान कंपनी बंद पडली की हजारो तासांचे पायलट बाजारात येतात आणि 200 तासवाले रांगेच्या शेवटी जातात. त्या काळातही हप्ता थांबत नाही. तुमच्या पगाराला झेपेल असा हप्ता 35 हजारांचा, म्हणजे आज घ्यायचं कर्ज 20 लाखांचं; तीन वर्षांच्या व्याजाने तेच 26 लाख होतं. वरचे पैसे घरातूनच यायचे असतील तर सरळ घर विकून लहान घरात जाणं हा प्रामाणिक पर्याय आहे. तो नको असेल तर हा बेतही नको. पीएफला हात लावू नका.

पॉलिसी : पैसे दोन वर्षांत लागणार, पॉलिसी पिकणार 12 वर्षांनी. 'करिअर' फक्त माहितीपत्रकावर आहे. सरेंडर (आता बंद केली तर हातात येणारे) आणि पेड-अप (हप्ते थांबवून तशीच ठेवली तर शेवटी मिळणारे), दोन्ही रकमा कंपनीकडून लेखी घ्या. चौथा हप्ता त्याआधी भरू नका. घरात कमावते तुम्ही एकटे, कर्जही तुमच्या जिवावर, म्हणून एक कोटीचा साधा टर्म विमा काढा. कर्जासोबत बँक एकरकमी हप्त्याची पॉलिसी पुढे सरकवेल. ती सक्तीची नसते.

राहिली सवलत. 55 लाख आगाऊ देऊन 3 लाख वाचवायचे, आणि शाळा बंद पडली किंवा विमानं जमिनीवर राहिली तर रांगेत उभं राहायचं! 25-25 तासांचे हप्ते आणि सोडल्यास परतावा कसा, हे लेखी मिळालं तरच पुढे बोला. 'सीट जाईल' म्हणाले तर जाऊ द्या. शाळेत गेलात की एखाद्या विद्यार्थ्याचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही, बघायला मागा. जून ते सप्टेंबरची पानं उघडा, दोन नोंदींमधले दिवस मोजा. विमानाच्या रकान्यात तोच एक व्हीटी नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) पानभर दिसला, तर ब्रोशरवर काहीही छापलेलं असो, चालू विमान एकच आहे असं समजा.