वाचकांचे प्रश्न : रावेर ते मसाई मारा

मागच्या अंकात केनियाच्या सफारीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर खान्देशातून इतके मेसेज आले की यावेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न : भाऊ, आम्ही रावेरकडचे केळीवाले. आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं असे पाच जण. एका एजंटनं सात दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मसाई मारा असं चार ठिकाणांचं पॅकेज दिलंय, मे महिन्यात, कारण तेव्हा पोरांना सुट्टी असते. आई ६४ वर्षांची आहे. बुक करू का?

उत्तर : केनियाला जरूर जा, पण हे पॅकेज घेऊ नका. सात दिवसांत चार ठिकाणं म्हणजे अर्धा वेळ नुसता रस्त्यावर जातो, राजधानी नैरोबीहून मसाई मारा अभयारण्यच गाडीनं पाच-सहा तास आहे, त्यात आईंची कंबर आणि तिकडचे खडखडाटी रस्ते. त्यापेक्षा मारात सलग चार रात्री राहा आणि जाता-येता नैवाशाला एक रात्र थांबा, बस झालं.

आता महिना. मार्च ते मे तिकडचा मोठा पावसाळा असतो, गाड्या चिखलात रुततात, गवत कमरेएवढं वाढतं, त्यात बसलेला सिंह दहा फुटांवरूनही दिसत नाही. सगळ्यांना जे बघायचं असतं ते वाइल्डबीस्टचं, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचं, स्थलांतर, तेरा लाखांच्या आसपास वाइल्डबीस्ट आणि सोबत झेब्रे, ते टांझानियातल्या सेरेंगेटीतून वर मारात येतात साधारण जुलै ते ऑक्टोबर. आपल्याकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन पाऊस आणि चारा बघत गावोगाव सरकतात ना, अगदी तसंच. जिथं पाऊस पडून कोवळं गवत आलं तिकडं कळप निघतो, तारीख-वार काही नसतो. म्हणून 'अमुक तारखेला कळप मारा नदी ओलांडताना नक्की दाखवू' असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात लवकर आली तर ती धरा, नाहीतर शाळेत रजेचा अर्ज देऊन ऑगस्ट-सप्टेंबरात जा. खर्चाचं पण बघा, माराची एंट्री फीच परदेशी प्रौढ पाहुण्याला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर अशी २०२४ पासून आहे, हा आकडा पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा ते एजंटकडून लिहून घ्या. आणि सिंह, हत्ती, जिराफ हे काही स्थलांतर करत नाहीत, बारा महिने तिथंच असतात, त्यामुळे फेब्रुवारीत गेलात तरी रिकाम्या हातानं येणार नाही.

नदीचं एक सांगतोच, कारण ते अजून मनातून जात नाही. मारा नदीच्या काठावर आम्ही सकाळी नऊपासून थांबलो होतो. समोरच्या काठावर वाइल्डबीस्ट जमत होते, धूळ एवढी की मागचा कळप दिसेना, नुसता त्यांचा घ्यों-घ्यों आवाज. बाराच्या सुमारास एक झेब्रा मादी उतारावरून खाली आली, पुढचे दोन्ही खूर पाण्यात टाकले, मान वर करून पाणी बघत उभी राहिली, तिच्या मागं शंभरेक वाइल्डबीस्ट एकमेकांना रेटत होते. आता उतरणार असं वाटत असताना आमच्याच गाडीतल्या एकानं ड्रायव्हरच्या हातात पैसे ठेवून गाडी काठाला न्यायला लावली. इंजिनचा आवाज झाला, ती मादी गर्रकन वळली आणि तिच्यासोबत सगळा कळप पुन्हा वर माळावर. संध्याकाळपर्यंत कोणी उतरलं नाही. ड्रायव्हर परत येताना एक शब्द बोलला नाही. तो माणूस तिथंच लहानाचा मोठा झालेला, त्याला सगळं कळत होतं, पण पाहुण्यापुढे बोलणार कसा? म्हणून हात जोडून सांगतो, पोरांना आधीच समजावून न्या, ड्रायव्हर थांबला की थांबायचं. तिकडं म्हणतात 'पोले पोले', म्हणजे हळूहळू.

कागदपत्रं म्हणाल तर जानेवारी २०२४ पासून केनियाचा व्हिसा बंद होऊन ई-टीए, म्हणजे निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी, सुरू झालीय. खरी अडचण यलो फिवरच्या, म्हणजे डासांमुळे होणाऱ्या एका तापाच्या, लशीची. ही लस निघायच्या किमान दहा दिवस आधी सरकारनं नेमलेल्या केंद्रातच घ्यावी लागते, कारण परत आल्यावर मुंबई विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड बघतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पण साठीनंतर पहिल्यांदा घेणाऱ्यांना त्रासाचा धोका जास्त असतो, त्यामुळे आईंच्या बाबतीत आधी डॉक्टर, मग तिकीट. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या. आणि स्वेटर घ्या हो! विषुववृत्त म्हटलं की आपल्याला जळगावचा मे आठवतो, पण मारा दीड हजार मीटर उंचीवर आहे, पहाटे उघड्या छताच्या गाडीत कान गार पडतात.

प्रश्न : आमच्या शिरपूरकडे उसात बिबट्या दिसला तरी अख्खं गाव रात्रभर जागं राहतं. तिथं उघड्या गाडीशेजारी सिंह बसतो आणि काहीच करत नाही, हे कसं?

उत्तर : ताई, सिंहाला गाडी आणि आतली माणसं मिळून एकच मोठी वस्तू दिसते, जी ना खायची ना भांडायची, आणि ती तो छावा असल्यापासून रोज बघतोय. खाली उतरलं, बाहेर लटकलं, आरडाओरडा केला की माणूस त्या वस्तूतून वेगळा दिसतो, धोका तिथून सुरू. उसात वाकून निंदणी करणारी बाई बिबट्याला चार पायांच्या जनावरासारखी दिसते, ती गोष्टच निराळी, त्यामुळे गावाची भीती खोटी नाही. मला स्वतःला सिंहापेक्षा हत्तीचं जास्त वाटतं, कान पसरून डोकं हलवायला लागला की ड्रायव्हर गाडी मागं घेतो, तेव्हा श्वाससुद्धा हळू घ्यायचा. बऱ्याच कॅम्पला कुंपण नसतं, अंधार पडल्यावर जेवायला जातानाही तिथल्या मसाई जमातीच्या राखणदाराला सोबत घ्यायचं.

प्रश्न : दादा, तठे खावाले काय भेटी? आम्ही शाकाहारी शे. (अमळनेर)

उत्तर : चपाती भेटी! १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली, त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेले होते. आज केनियातल्या घराघरात चपातीला चपातीच म्हणतात आणि चहाला चाय. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा असतो, उगाली, सोबत सुकुमा विकी नावाची पालेभाजी, आपल्या तोंडाला तिखट कमी लागेल पण पोट भरतं. कॅम्पला बुकिंगच्या वेळीच 'अंडंसुद्धा नको' असं सांगून ठेवा. शेंगदाण्याची चटणी, बिबडे, शेव न्या, फक्त कॅरीबॅगमध्ये नको, तिथं २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, डबे आणि कापडी पिशव्या वापरा. आणि खाऊ तंबूत उघडा ठेवू नका, माकडं चेन उघडून आत येतात.

प्रश्न : चित्ता आणि बिबट्या लांबून कसे ओळखायचे? मी नंदुरबारला बारावीला आहे.

उत्तर : बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी पोकळ वर्तुळं, चित्त्याच्या अंगावर साधे भरीव ठिपके, आणि चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, अश्रू ओघळल्यासारखी. बिबट्याला स्वाहिलीत 'चुई', चित्त्याला 'दुमा'. आपल्याकडून चित्ता गेला हे १९५२ ला जाहीर झालं आणि २०२२ मध्ये कुनोला जे आणले ते आफ्रिकेतलेच. चित्ता दिवसा शिकार करतो, म्हणून गाड्यांनी घेरला की त्याचं जेवण हुकतं, त्याला लांबूनच बघ. दुर्बीण घेऊन जा आणि आधी माळावरच्या वारुळांवरून फिरव, लांबवर नजर टाकायला तो त्यांच्यावर चढून बसतो.